टीआय साहेबांची चौकशी

शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जयसिंगरावांनी हॉलमधला दिवा लावला, तर टाकीत मासा आडवा तरंगत होता. वेळ त्यांनी लगेच मनात नोंदवली. छत्तीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस, घराला आग लागली असती तरी आधी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं असतं. मग त्यांनी काचेवर टिचकी मारली. एकदा, दोनदा. मासा हलला नाही.

जात म्हणाल तर साधा गोल्डफिश. पण सात वर्षांचा, तळहाताहून मोठा, आणि नाव टीआय साहेब. हे नाव त्यांच्या मुलाने, इंद्रजीतने ठेवलेलं. जयसिंगराव तेव्हा झाशीत ट्रॅफिक इन्स्पेक्टर होते आणि पोरगा आईला म्हणायचा, बघ, तोंड फुगवून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासणी करत फिरतो आणि कुणाशी धड बोलत नाही, हुबेहूब बाबा. घरातले सगळे हसले होते. जयसिंगरावही हसले, फक्त दोन दिवसांनी.

इंद्रजीतला जाऊन एकवीस महिने झाले होते. जानेवारीतली सकाळ, चिरगाँवच्या रस्त्यावर दाट धुकं, समोरून ट्रक. तिथल्या एका पेन्शनरचे कागद दहाच्या आत पोचवायचे होते आणि त्याला मोटरसायकल देऊन पाठवलं होतं जयसिंगरावांनीच. बायको, माधवी, म्हणाली होती, जरा धुकं उतरू द्या. ते म्हणाले होते, वेळेवर निघालेला माणूसच वेळेवर पोचतो. त्यानंतर या गोष्टीवर नवराबायकोत एक अक्षर बोललं गेलं नव्हतं. तिने कधीतरी तोंडावर म्हणावं, भांडावं, भांडी आपटावीत, म्हणून जयसिंगराव सुरुवातीला वाट पाहत. ती काहीच म्हणाली नाही. तिने फक्त जेवण सोडलं. आठ दिवस सलाईनवर होती, आणि घरी आल्यावरही भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

तिला उठवलं ते या माशाने. घरात माणसं येत-जात होती, सांत्वनं चालली होती आणि टाकीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. एके दिवशी माधवी आपली आपण उठली, डबीतून चिमूटभर दाणे काढून पाण्यात टाकले आणि म्हणाली, "टीआय साहेब, जेवून घ्या." महिनाभरात तिच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द. आतल्या खोलीत जयसिंगरावांना वाटलं, आपल्यालाच हाक मारली. ते धावत बाहेर आले आणि दारातच थांबले. तेव्हापासून हाच नेम झाला. मासा जेवला की ती जेवायची, दोन पोळ्या, कधी दीड.

आता त्या माशाला जयसिंगरावांनी जाळीने बाहेर काढलं. मासा गेल्याचं दुःख नव्हतं असं नाही, पण भीती त्याहून मोठी होती.

माधवी मागे येऊन उभी राहिली होती. तिने माशाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"काल पाणी मी बदललं," ती म्हणाली. "माझ्या हातून गेला का हा?"

"छे. तुझा काय संबंध?"

"असं वरवरचं सांगू नका. शोधून काढा. तुमचं कामच होतं ना ते?" ती खुर्चीत बसली. "खरं असेल ते सांगा. माझ्यामुळे असेल तर तसं सांगा."

खरोखरच त्यांचं कामच होतं ते. गाडी रुळावरून घसरली, सिग्नल ओलांडला गेला, डबा डब्याला धडकला की चौकशीला यांना धाडत. कुणी किती वाजता काय केलं, याचा कागद ते असा बनवत की त्यात फट सापडायची नाही. कुणासाठी त्यांनी ओळ बदलली नाही, साहेबासाठी नाही आणि स्वतःच्या दोस्तासाठीही नाही. या खरेपणापायी त्यांना दोस्तही फारसे उरले नव्हते. माधवीला हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच इतर कुणाचं 'छे, छे' तिला पटलं नसतं, यांचा निकाल मात्र पटला असता. आणि निकाल तिच्या विरुद्ध गेला, तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करणार होती. दुसऱ्यांदा ती उठेल याची खात्री डॉक्टरांनीही दिली नव्हती.

त्यांनी जुनी डायरी काढली, पट्टीने रेघा मारल्या. वेळ, माणूस, कृती.

गुरुवार, दुपारी तीन : स्वतः बँकेत. संध्याकाळी सहा : स्वतः घरी. पाणी बदललेलं. इथे पेन थांबलं. काल संध्याकाळी दार उघडलं तेव्हा माधवीच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या आणि तिने सांगितलं होतं, "आज गुरुवार ना, मीच करून टाकलं." एकवीस महिन्यांत तिने दाणे टाकण्यापलीकडे टाकीला हात लावला नव्हता. त्यांना इतका आनंद झाला होता की त्यांनी स्वतः चहा केला आणि त्यात साखर दुप्पट पडली. तिने तो तसाच प्याला.

पाणी तिने कसं बदललं? रीतसर. तिसरा हिस्सा उपसला, तेवढंच नवीन घातलं. नळाचं ताजं पाणी चालत नाही, दोन दिवस शिळं करून मगच घालायचं, हा इंद्रजीतचा नियम घरात सगळ्यांना पाठ होता. मंगळवारी भरून ठेवलेलं पाणी तिने गुरुवारी घातलं. म्हणजे तिथे चूक नव्हती. जयसिंगरावांनी सुटकेचा श्वास सोडला आणि दुसरे आरोपी शोधायला लागले.

दाण्यांची डबी? जुनीच, तारीख शिल्लक. दिवाळीची रंगरंगोटी? आतल्या खोलीला डिस्टेंपर लागून आठवडा झाला होता आणि मासा तर काल दुपारपर्यंत चांगला होता. डासांचा फवारा? घरात आणतच नव्हते. मग त्यांना आठवलं, रात्री लाइट गेली होती. चाळीस मिनिटं. हवेची मोटर बंद पडली, मासा गुदमरला, विषय संपला. हा आरोपी त्यांना फार आवडला. लाइट जाणं कुणाच्याच हातात नसतं. फक्त मोटर इन्व्हर्टरवर होती आणि इन्व्हर्टर चालू होता, इथे घोडं पेंड खात होतं. पण मोटरची पिन ढिली असू शकते, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आयुष्यात पहिल्यांदा ते निकाल आधी ठरवून पुरावा गोळा करत होते आणि हे त्यांना कळतही होतं.

"लाइटमुळे वाटतंय," त्यांनी माधवीला सांगितलं. "तरी एकदा पियूषला दाखवून येतो. तू चहा घे."

चहा टेबलावर तसाच होता. साय धरली होती.

पियूषचं माशांचं दुकान सदर बाजारात. टीआय साहेब तिथलेच. इंद्रजीत आणि पियूष एका शाळेतले. जयसिंगराव ओरछा गेटहून रिक्षाने निघाले तेव्हा मांडीवर स्टीलच्या डब्यात मासा होता आणि हातात बाटलीभर टाकीचं पाणी. रिक्षावाल्याने विचारलं, "बाबूजी, मिठाई?" ते नुसते हूं म्हणाले.

पियूषने डबा उघडला आणि लगेच ओळखलं. "ये तो इंदर वाला है."

"हां. रात को लाइट गई थी. उसी से हुआ न?"

पियूषने काडीने माशाचे कल्ले उघडून पाहिले. त्यावर चिकट पांढरट थर होता. त्याने मान हलवली. "अंकलजी, चालीस मिनट में कुछ नहीं होता. अकेली मछली, इतनी बड़ी टंकी. लाइट से नहीं मरी. पानी कब बदला?"

"कल. दो दिन का रखा हुआ पानी. नियम से." जयसिंगरावांचा आवाज उगाच चढला.

"घोंघे थे न टंकी में? इंदर ने डाले थे. वो कैसे हैं?"

गोगलगायी. काचेला चिकटून असायच्या त्या तीन-चार. जयसिंगरावांनी सकाळचं दृश्य आठवलं. माणसाने छत्तीस वर्षं नजर कमावलेली असली की ती नको तेव्हाही काम करते. काच स्वच्छ होती. गोगलगायी तळाला वाळूत पडल्या होत्या, सगळ्या, शंखातून अर्ध्या बाहेर लोंबत.

"वो भी," ते म्हणाले.

पियूषने काडी खाली ठेवली. "तो फिर ताँबा है. घोंघा सबसे पहले ताँबे से मरता है. हम लोग कीड़ा मारने को ताँबे की दवा डालते हैं न, बूँद गिन के. एक-दो बूँद ऊपर हुई कि मछली भी गई. पानी किसी ताँबे के बर्तन में तो नहीं रखा था? और खटाई से मँजा हो तो पूरा ज़हर समझो."

दुकानात पंधरा-वीस मोटरी बुडबुडत होत्या. जयसिंगरावांनी डब्याचं झाकण लावलं आणि ते दोनदा निसटलं. मोरीतलं तांब्याचं घंगाळ त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

ते घंगाळ त्यांच्या आईचं, भुसावळहून आलेलं. नरकचतुर्दशीला पहाटेचं अभ्यंगस्नान त्यातल्याच पाण्याने व्हायचं, मग बदली कुठेही असो. गेल्या दिवाळीला ते माळ्यावरून उतरलंच नाही. यंदा मात्र मंगळवारी माधवीने ते स्वतः उतरवून घेतलं होतं, मोरीत बसून चिंच-मीठ लावून घासलं होतं. बाजारातून आल्यावर जयसिंगरावांना ते लखलखीत, काठोकाठ भरलेलं दिसलं होतं. आत पाणी का, असं त्यांनी विचारलं नाही. "छान निघालंय," एवढंच म्हणाले होते, आणि देवापुढे जरा जास्त वेळ हात जोडून उभे राहिले होते. बाई परत आली, असं वाटलं होतं त्यांना.

तरीही अजून आशा होती. घंगाळातलं पाणी वेगळं आणि टाकीतलं वेगळं असू शकतं. घरी आल्यावर ते मागच्या दाराने शिरले. तिथे चंपा भांडी घासत होती. घरात दहा वर्षं काम करणारी बाई, माधवीच्या आजारपणात तिला भरवणारी.

"चंपा, मंगल को मछली वाला पानी बाल्टी में था न? सफेद बाल्टी में?"

"हतो तो," चंपा म्हणाली. "पै बाल्टी हमने परदा भिगोबे लै लई. अम्माजी ने पानी बा बड़े ताँबे बारे में उड़ेल लओ. कै रई थीं, ताँबे में पानी सुद्ध रहत है, इंदर भैया की मछली खों अच्छो रैहै." ती हसली. "भौत दिना बाद हँसी थीं उन दिना."

जयसिंगराव पायरीवर बसले. चौकशी संपली होती. फट कुठेच नव्हती. मुलाच्या माशाला चांगलंचुंगलं मिळावं म्हणून तिने दोन दिवस पाणी शिळं केलं, मुलाचा नियम तंतोतंत पाळला, आणि तेही घरातल्या सगळ्यांत पवित्र भांड्यात, त्या घंगाळात. एकवीस महिन्यांनी तिने पहिल्यांदा काहीतरी मनापासून केलं आणि नेमक्या त्यानेच मासा मारला. हे तिला सांगायचं म्हणजे तिच्या नरड्यावर पाय देण्यासारखंच होतं.

चंपाच्या नावावर घालता आलं असतं. बाल्टी तिनेच घेतली होती. खात्यातही शेवटी सगळं खलाशावर किंवा पॉइंट्समनवर जाऊन थांबे, सगळ्यात खालच्यावर, आणि असे कागद जयसिंगरावांनी परत पाठवले होते. पण आज त्यांना तत्त्व आडवं आलं, असं म्हणणं जरा जास्त होईल. बाल्टीचं नाव काढलं की पुढचा प्रश्न घंगाळाचाच येणार होता. माधवी वेडी नव्हती.

"चंपा, बाल्टी की, ताँबे की बात अम्माजी के सामने मत करना. कभी नहीं."

चंपाने त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या कढईकडे. "काय?" तिने विचारलं, म्हणजे का. आणि उत्तर न मिळताच तिला बहुधा कळलं, कारण तिचा हात थांबला. "नईं करहैं, बाबूजी," ती हळू आवाजात म्हणाली.

त्यांनी पायरीवर बसूनच डायरी उघडली. छत्तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. गुरुवार, संध्याकाळी साडेसात : स्वतः. टाकी भरलेली कमी वाटली म्हणून नळाचं ताजं पाणी अर्धी बादली घातलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. खोटं लिहिताना हात अडखळतो म्हणतात, त्यांचा नाही अडखळला.

माधवी त्याच खुर्चीत होती. पोळी-भाजीचं ताट चंपाने शेजारी ठेवलं होतं, वर झाकण.

"काय निघालं?" तिने विचारलं.

जयसिंगराव समोर उभे राहिले. साहेबापुढे उभे राहायचे तसेच, हात बाजूला. "माझी चूक निघाली. काल तू देवघरात होतीस तेव्हा मला पाणी कमी वाटलं. नळाचं घातलं, अर्धी बादली. ताजं. पियूष म्हणाला, त्यानेच गेला."

"ताजं घालत नाहीत हे माहीत होतं तुम्हाला."

"माहीत होतं. घाई केली."

"आणि मी घातलं ते पाणी?"

"ते चांगलं होतं. अगदी बरोबर होतं ते. तुझ्या पाण्यावर तो जगला असता."

तिने त्यांचा चेहरा न्याहाळला. आता खोटं पकडलं जाणार, असं त्यांना वाटलं. पण या माणसाचा निकाल खोटा असू शकतो, हे तिच्या मनातही आलं नाही. तिचे खांदे सैल पडले. सकाळपासून धरून ठेवलेला श्वास तिने सोडला, आणि जयसिंगरावांचा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे याही वेळी तुम्हीच," ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, इतक्या साध्या सुरात.

"मी म्हटलं होतं, धुकं उतरू द्या. पोरगा पंधरा मिनिटं थांबला असता. तुम्हाला घाई. मी एकवीस महिने स्वतःला समजावलं की माणसाच्या हातून होतं कधी, मुद्दाम कोण करतं. रोज सकाळी समजावायचे. आज हा मेला तेव्हा मला वाटलं, माझ्याही हातून झालं, म्हणजे आपण दोघं सारखेच. वाईट वाटलं, पण एक प्रकारे बरंही वाटलं, खरं सांगते. आता तेही नाही. माझं पाणी बरोबर होतं म्हणता."

जयसिंगरावांनी तोंड उघडलं. एक शब्द पुरेसा होता. घंगाळ म्हटलं असतं तर दोघं पुन्हा सारखे झाले असते, आणि ती त्यांच्याजवळ राहिली असती, भिंतीकडे तोंड करून, किती दिवस कुणास ठाऊक. त्यांनी तोंड मिटलं. त्या क्षणाइतकं एकटं त्यांना इंद्रजीतचा देह ओळखायला बोलावलं तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा ती शेजारी होती.

माधवीने ताटावरचं झाकण काढलं आणि जेवायला लागली. थंड पोळी, थंड भाजी. दोन पोळ्या खाल्ल्या, चंपाला हाक मारून तिसरी मागितली. हेच तर हवं होतं त्यांना. ते उभ्यानेच पाहत राहिले, कुठे बसावं ते सुचेना.

"कमळाताईला फोन करते," हात धुऊन आल्यावर ती म्हणाली. कमळाताई तिची थोरली बहीण, भुसावळला असते. "तिच्याकडे जाते मी. तिकीट काढून द्या."

"दिवाळी झाली की जाऊ."

"उद्याचं काढा. माझं एकटीचं."

"परतीचं कधीचं?"

"परतीचं नको."

जयसिंगरावांनी चष्मा लावला आणि मोबाईल उघडला. दिवाळीच्या तोंडावर झाशीहून खाली जाणाऱ्या गाड्या महिना-महिना आधी भरतात, एकही जागा नसेल, अशी एक क्षुद्र आशा त्यांच्या मनात होती. कुणीतरी ऐन वेळी रद्द केलेली एकच जागा दिसत होती. नाही म्हणून सांगता आलं असतं. ती पडताळून पाहायला आली नसती. पण एका दिवसात दोनदा खोटं बोलणं त्यांना जमलं नाही.

"एक आहे," ते म्हणाले. "खालचा बर्थ."

"घ्या," माधवी म्हणाली.